दहा हजारावी ओळ

पडदा वर जातो. तंजावूरच्या राजवाड्यामागची एक अरुंद गल्ली. वेळ दिवेलागणीची. डाव्या हाताला लाल रंगाची तिण्णै, म्हणजे रस्त्याकडेचा बसायचा कट्टा. त्याच्या कडेला दीड हात जागा रिकामी. गल्लीत जिथे तिथे मोपेड उभ्या आहेत, भिंतींवरून केबलच्या काळ्या वायरी लोंबताहेत, पण त्या दीड हातात कुणी काही ठेवत नाही. आतल्या ओसरीवर एक बाई जमिनीवर पितळेचं ताट मांडते, पाण्याचा गडू ठेवते आणि भिंतीला टेकून बसते. मधल्या खोलीतून लोखंडी दांडा फिरल्याचा आवाज येतो. खर्र, खर्र, खर्र. मग एक बारीक घंटी.

आमच्या कंपनीत तिसरी घंटा झाली की नाटक सुरू होई. या घरात घंटी रोज वाजे आणि नाटक काही सुरू होत नसे. तीस वर्षं प्रेक्षक तसेच बसलेले.

दांडा फिरवणारी भुवनेश्वरी अक्का. मला ती अक्का, कारण तिचा धाकटा भाऊ वरुणराव माझ्या बरोबरीचा. आमची घरं समोरासमोर. मी पुढे तमिळ नाटक कंपनीबरोबर गावोगाव भटकलो, यमापासून राजापर्यंत सगळे मुकुट घातले. ती कालव्यांच्या खात्यात आकडेमोड करायला लागली आणि अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत तेच करत राहिली. नदीत किती पाणी आलं, कोणत्या कालव्याला किती गेलं. तिने केलेली बेरीज कुणी पुन्हा तपासत नसे. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणे, "मी एकांडी आहे रे भीमू. मला भाग जात नाही."

हे तिचे शब्द होते. शाळेच्या पुस्तकात ज्यांना मूळ संख्या म्हणतात, ज्यांना एक आणि स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही, त्या तिच्या बोलण्यात एकांड्या. बाकीच्या संसारी. अठ्ठावीस ही समाधानी, कारण ती स्वतः सोडून तिचे सगळे भाजक मिळवले की पुन्हा अठ्ठावीसच येतात, कमी नाही जास्त नाही. गल्लीतल्या माणसांनाही तिने असे वर्ग लावले होते. मी संसारी, आणि तोही फार तुकड्यांचा, असं ती माझ्या बायकोदेखत सांगे.

ही भाषा तिला वरुणरावाने दिली. तो गणिताचा मास्तर. ओरत्तनाडूच्या वाटेवरच्या एका गावात शाळा होती, तिथे सायकलवरून जाई. परत आला की सायकल कट्ट्याच्या कडेला आणून दाराशी घंटी वाजवायची, एकदाच. दुसऱ्यांदा वाजवणं त्याला कमीपणाचं वाटे. कुणी दार उघडलं नाही तर मुकाट सायकल वळवून समोर आमच्याकडे यायचा आणि माझ्या आईकडून कापी, म्हणजे कॉफी, उकळायचा. ही सवय लक्षात ठेवा.

सन १९६६. त्याच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. वसुमती अठरा वर्षांची. जून महिन्यात एका सकाळी तो शाळेला म्हणून निघाला आणि शाळेत पोचला नाही. सायकल सापडली नाही, तो सापडला नाही. का गेला ते मला माहीत नाही, आणि जे माहीत नाही ते मी लिहीत नाही. तिसऱ्या दिवशी वसुमतीने कुंकवाचा करंडा उघडला तेव्हा आत घडी घातलेला कागद होता. कागदावर एक आकडा.

१३६११७२२३८६१

तेरा हजार सहाशे अकरा कोटी बहात्तर लाख तेवीस हजार आठशे एकसष्ट. खाली दोन ओळी. "हा फुटला की येतो. अक्काला सांगा, रोज तीन."

फुटला म्हणजे भाग गेला. अक्काला अर्थ लगेच कळला. आकडा एकांडा आहे की संसारी, हे बघायचं तर एकेका एकांड्या संख्येने त्याला भागून पाहायचं. दोन, तीन, पाच, सात, अकरा, असं चढत जायचं. तीन लाख अडुसष्ट हजारांच्या पुढेपर्यंत. तोवर कशानेच भाग गेला नाही तर तो फुटत नाही, कधीच नाही. अशा एकांड्या भरतात एकतीस हजारांहून जास्त. रोज तीन.

तिने त्याच संध्याकाळी वही घातली. प्रत्येक ओळीला क्रमांक, पुढे भाजक, पुढे बाकी. सण, ग्रहण आणि बाजूला बसायचे दिवस सोडले तर एक संध्याकाळ चुकवली नाही. सुरुवातीला पाटीवर करी. चौऱ्याहत्तर साली खात्याने जुनी हातयंत्रं काढून टाकली, त्यातलं एक तिने घरी आणलं. काळं, जड, उजवीकडे दांडा. दांडा फिरवला की वजाबाकी होते. एक फेरा जास्त झाला की घंटी वाजते, मग एक फेरा मागे घ्यायचा. ती घंटी ऐकून वसुमती पहिल्या दिवशी दारापर्यंत धावली होती. हुबेहूब सायकलची.

त्यानंतर हा नेमच झाला. दिवेलागणीला वसुमती ताट मांडून बसे. आत तीन भागाकार होत. तिसरा झाला की अक्का आतून सांगे, "बाकी आहे, वसू." मग वसुमती ताट उपडं घाली आणि दोघी जेवायला बसत.

ज्याचा बारा वर्षं पत्ता नाही, त्याचा आपल्यात विधी करतात. पळसाच्या तीनशे साठ पानांचा माणूस रचायचा, डोक्याला चाळीस, गळ्याला दहा, हातांना शंभर, असा, आणि त्याला अग्नी द्यायचा. अठ्ठ्याहत्तर साली अक्काचे चुलते अनिरुद्धराव भटजींना घेऊन आले. मी तेव्हा गावात होतो, तिण्णैवर बसलो होतो.

"पोरीला किती दिवस असं ठेवणार?" अनिरुद्धराव म्हणाले. "शास्त्र आहे, भुवना."

"काका, तीनशे साठ फुटतो," अक्का म्हणाली. "चोवीस जणांनी भाग जातो त्याला. म्हणून त्याचा माणूस करता येतो, डोकं इतकं, हात इतके. माझ्या भावाने दिलेला आकडा फुटलेला नाही. त्याने लिहून दिलंय, फुटला की येतो. अजून फुटला नाही, म्हणून तो आला नाही. जिवंत माणसाला तुम्ही पानं लावून जाळणार?"

"आणि नाहीच फुटला तर?"

"तेव्हा बघू. अजून वीस हजार राहिलेत."

भटजी हळूच म्हणाले, "अनिरुद्धराव, मला पलीकडच्या गल्लीत सत्यनारायण आहे." दोघे उठले. आत वसुमतीने काकांना वाकून नमस्कार केला तेव्हा तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या वाजल्या. त्या बांगड्या आणि कपाळावरचं कुंकू, सगळं त्या एका आकड्यावर टेकून उभं होतं. हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.

गल्लीत आणखीही काही गोष्टी बोलल्या जात. संध्याकाळी त्या घरापुढून जाताना मागून सायकल येतेय असं वाटतं आणि माणूस आपोआप कडेला होतो. एकदा ताटातलं पाणी हललं होतं. मी रंगमंचावरचा माणूस, पत्र्यावर हात मारून वीज पाडलेली, असल्या गोष्टींना हसायचो. पण कडेला मीही होत असे.

सत्त्याण्णव साली मी कायमचा घरी आलो होतो. गुडघे गेले, कंपनी बसली, घरोघरी टीव्हीवर अठरा चॅनेल. एकाच घरात टीव्ही नव्हता. वसुमती म्हणे, "नको भाऊजी, त्याच्या आवाजात घंटी ऐकू येणार नाही."

त्या वर्षी अक्काच्या वहीत दोनशेहून कमी ओळी उरल्या होत्या. हे मला तिच्या हातावरून कळलं. तेवीस वर्षं जो दांडा ती पाणी शेंदावं तसा फिरवत होती, तो आता अडखळायला लागला. रोज तीनच्या जागी एक. कधी तोही नाही. वसुमती मला विचारी, "भाऊजी, अक्कांना बरं नाही का? काल नुसत्याच बसून होत्या."

मला वाटलं, मला समजलं. शेवटची ओळ झाली की आकडा फुटत नाही असं ठरणार. मग तो कधीच येणार नाही. हे तिला वसुमतीला सांगावं लागणार. माझ्या मनात आलं, आपण आधीच विचारून घेऊ. वाईट उत्तर असेल तर हळूहळू तयारी तरी करता येईल.

अनिरुद्धरावांची नात वर्षा जुन्या बसस्टँडजवळ एका माडीवर कॉम्प्युटर शिकवी. चपला बाहेर काढायच्या, आत थंड हवा. मी आकडा सांगितला, पाठ होता. तिने टाइप केला. मी पानाला चुना लावून घडी घालतो न घालतो तोच ती म्हणाली, "फुटला, मामा."

"काय?"

"फुटला. हे बघा. एक लाख चार हजार सातशे एकोणतीस, गुणिले बारा लाख नव्याण्णव हजार सातशे नऊ. दोनच तुकडे, दोन्ही प्राइम." तिची मराठी घरात ऐकलेली, त्यात अर्धी तमिळ, पण आकडे स्वच्छ.

पान हातातच राहिलं. मी म्हटलं, पुन्हा बघ. तिने पुन्हा पाहिलं. मग तिलाच कुतूहल वाटलं. पहिला तुकडा कितवा प्राइम आहे ते तिने मोजायला लावलं. बरोबर दहा हजारावा. दुसरा मोजायला कॉम्प्युटरला दुपारभर लागली. मी बाकावर बसून राहिलो. चार वाजता ती माझ्याकडे वळली, चेहरा उतरलेला.

"बरोबर एक लाखावा. मामा, हा आकडा आपोआप झालेला नाही. कुणीतरी मोजून, निवडून बनवलाय. कुणाचा आहे?"

मी तिने लिहून दिलेला कागद घडी करून खिशात घातला.

वाटेत मी काय काय ठरवलं म्हणून सांगू? वरुणरावाने मुद्दाम फुटणारा आकडा दिला होता, म्हणजे त्याला यायचं होतं. अक्काच्या हातून कुठेतरी, थकलेल्या एखाद्या संध्याकाळी, चूक झाली आणि फुटलेला आकडा तसाच पुढे गेला. एवढंच. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. दारातच ओरडणार होतो. वसुमती ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी तोंड उघडलं तेवढ्यात मधल्या दारात अक्का आली. तिने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाली, "भीमू, आत ये. यंत्राला तेल घालायचंय."

आत मी कागद दिला. तिने वाचला. चष्मा पुसला, पुन्हा वाचला. मग फडताळातून सातवी वही काढून माझ्यापुढे उघडली. पान तिला शोधावं लागलं नाही.

ओळ दहा हजार. भाजक १०४७२९. बाकी १.

"इथे चूक झाली बघ," मी कुजबुजलो.

"माझी चूक होत नाही."

"मग हा एक?"

"तो मी लिहिला."

बाहेर सुपात तांदूळ उडत होते. अक्काने दांड्यावर हात ठेवला, फिरवला नाही.

"सत्त्याहत्तरची माट्टू पोंगल, तमिळांचा बैलपोळा. आपल्याकडे तो सुट्टीचा नाही," ती म्हणाली. "गल्लीतून बैल नेत होते, शिंगं रंगवलेले. पहिलाच भागाकार. सगळीकडे शून्य आलं. पूर्ण भाग गेला की शेवटची घंटी वाजवायचं कारण उरत नाही. यंत्र गप्प. मी शून्यं बघत बसले. आणि बाहेर घंटी वाजली."

"बैलांची असेल."

"दोन्हींतला फरक मला कळतो. एकदाच वाजली. वसू स्वयंपाकघरात होती, तिनेही ऐकली. म्हणाली, अक्का, आज घंटी लांबून आल्यासारखी वाटली. तिला वाटलं यंत्राचीच."

"मग तू दार..."

"उठले नाही." हे तिने हिशेब वाचावा तसं सांगितलं. "उठले आणि तो नसला तर? एवढंच आलं मनात. साडेदहा वर्षं थांबलेली बाई आणखी थोडी थांबली. मग गेले. दारात कुणी नव्हतं. कडेच्या जागेत धुळीत चाकाची एक रेघ होती, वळलेली. दूधवाल्याचीही असेल. समोर तुमच्या घराला कुलूप."

त्या पोंगलला आमचा मुक्काम कारैकुडीला होता. आई वारलेली, बायको माहेरी.

"महिनाभर वाट पाहिली," अक्का म्हणाली. "आकडा फुटला आणि हा आला नाही. मग वसूला काय सांगू? फुटला, पण आला नाही? दुसऱ्या दिवशी काकांनी पळसाची पानं आणली असती. त्याच संध्याकाळी मी एक लिहिला होता आणि हाक मारली होती, बाकी आहे, वसू. पुढची वीस वर्षं मी फुटलेल्या आकड्याला भागत बसलेय."

मी म्हटलं, "तो योगायोग असेल, अक्का. पोंगलची गर्दी. कुणीही घंटी वाजवली असेल."

"हेच मी स्वतःला सांगत आले," ती म्हणाली. तिचं बोट माझ्या कागदावर होतं, वर्षाने खाली बॉलपेनने लिहिलेल्या दोन शब्दांवर. दहा हजारावा. लाखावा. "पहिला दहा हजारावा, ते माझ्या वहीतच आहे. मला वाटलं, पडला असेल तसा. पण दुसरा लाखावा हे मला माहीत नव्हतं. मी कुठे लाखापर्यंत मोजायला गेले? दोन एकांड्या मोजून घेतल्या आणि त्यांचा जोडप्याचा आकडा केला. दहा हजार ओळी, रोज तीन. माझे सुट्टीचे दिवसही त्याला पाठ. भीमू, त्याने आकडा नव्हता दिला. त्याने तारीख दिली होती."

मी कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"तू हे कशाला आणलंस रे," ती म्हणाली. रागाने नाही. "मला बैल पुरत होते."

त्याच वेळी ओसरीवरून वसुमतीची हाक आली. "भाऊजी, त्या कॉम्प्युटरला विचारायला गेला होतात ना? वर्षा आत्ताच दारावरून गेली, म्हणाली मामा आले होते. काय म्हणाला तो?"

अक्काने माझ्याकडे पाहिलं. कंपनीत तीस वर्षं मला मागून वाक्य सांगणारा माणूस होता. त्या क्षणी कुणी नव्हता.

"त्यालाही फुटत नाही, वहिनी," मी म्हणालो. "दुपारभर घरघरला बिचारा."

"मी म्हटलंच," वसुमती म्हणाली, आणि तिच्या आवाजात निव्वळ आनंद होता. "फुटला असता तर आले नसते का ते?"

अक्काने दांडा फिरवला. खर्र, खर्र, घंटी. "बाकी आहे, वसू."

वर्षाला मी दुसऱ्या दिवशी जाऊन गप्प राहायला सांगितलं. गुणी मुलगी, राहिली. त्या पावसाळ्यात वहीतली शेवटची ओळ झाली. मला वाटलं आता संपलं. दुसऱ्या संध्याकाळी अक्काने कोरी वही काढली आणि दोनपासून सुरुवात केली. वसुमतीला सांगितलं, ताळा घेतेय. वसुमतीला ते अगदी पटलं. एवढ्या मोठ्या आकड्याचा ताळा घ्यायलाच हवा.

अठ्ठ्याण्णवच्या ऑगस्टमध्ये वसुमती तापाने गेली. चार दिवसांत. सवाष्ण म्हणून गेली. कपाळभर कुंकू, हिरवा चुडा, ओटी. गल्लीतल्या बाया तिच्या पाया पडल्या. अनिरुद्धराव काठी टेकत आले होते. घाटावरून परतताना म्हणाले, "भुवना, आता तरी त्याची पानं रचू दे." अक्का म्हणाली, "ताळा चालू आहे, काका."

मला वाटलं होतं, आता दांडा थांबेल. ऐकायला कुणी उरलं नव्हतं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी आमच्या दारात उभा होतो. समोरून खर्र, खर्र ऐकू आलं, मग घंटी, तीन भागाकार, आणि अक्काचा आवाज, "बाकी आहे, वसू." मी तिथे गेलो. ओसरीवर पितळेचं ताट होतं. उपडं. मी विचारलं, कुणी मांडलं? अक्का म्हणाली, "मी आत असते रे. मला काय माहीत बाहेर कोण काय करतं?"

पुढच्या वर्षी पोंगलनंतर अक्काने अंथरूण धरलं. हातात जोर राहिला नाही. यंत्र खाटेशेजारी स्टुलावर ठेवलं आणि दांडा माझ्याकडे आला. ती भाजक सांगे, मी फिरवी. तिच्या देखत मला चूक करायची भीती वाटे.

एका संध्याकाळी तिला धाप लागली होती. दोन भागाकार झाले. तिसरा निम्म्यावर होता. बाहेर गल्ली रिकामी, सगळे टीव्हीपुढे. माझा हात फिरत होता आणि ओसरीवर काहीतरी वाजलं, पितळ जमिनीला टेकावं तसं, हलकेच. पाठोपाठ दोन बांगड्या एकमेकींवर आपटाव्यात तसं. मी दाराकडे पाहिलं. माझा हात आपोआप थांबला.

अक्काचे डोळे मिटलेले होते. तिने माझं मनगट चाचपलं आणि दांड्याकडे ढकललं.

"फिरव रे," ती म्हणाली. "थांबलास तर तिला कळेल."